अर्ध्या प्लेटची मिसळ द्या: नाशिकच्या मिसळवाल्यांना खुलं पत्र

नाशिक शहरातल्या आणि शहराबाहेर मळ्यांमध्ये मिसळ देणाऱ्या सगळ्या दादांना, ताईंना, मावशींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची गिऱ्हाईक आहे. पन्नाशी ओलांडलेली, इंदिरानगरला राहणारी, रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये नोकरी करणारी. हे पत्र कुणा एकाच्या तक्रारीसाठी लिहिलेलं नाही. मागणी आहे आणि ती सगळ्यांकडेच आहे. आधी मागणी सांगते, म्हणजे सकाळच्या गर्दीत ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांनाही ती कळेल. अर्धी प्लेट सुरू करा. तर्री वेगळ्या वाटीत द्या. पापड तळलेला हवा की भाजलेला, हे विचारून आणा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि गिऱ्हाइकाच्या छातीत दुखायला लागलं तर काय करायचं, हे दुकानातल्या निदान एका माणसाला शिकवून ठेवा.

आता हे कशासाठी, ते सविस्तर सांगते.

आमच्या लॅबमध्ये सकाळी सातलाच माणसं येऊन बसतात. रात्रभर उपाशी, चहासुद्धा न घेतलेली. पहिलं रक्त घेतलं की मी प्रत्येकाला सांगते, आता खाऊन घ्या आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी परत या. ‘काय खाऊ?’ हा प्रश्न ठरलेला. ‘नेहमी जे खाता ते.’ हे माझं उत्तरही ठरलेलं. त्यातले बरेच जण लॅबमधून बाहेर पडून थेट तुमच्याकडे येतात. मला ते सांगावं लागत नाही. दोन तासांनी तोच माणूस बाही वर करून हात पुढे करतो, मी दंडाला पट्टा बांधते, तेव्हा त्याच्या बोटांना काळ्या मसाल्याचा आणि कांद्याचा वास असतो, नखांच्या कडेला तर्रीची लाल रेघ असते. संध्याकाळी रिपोर्ट निघतो. जेवणानंतर दोन तासांनी साखर १४० च्या आत असावी असं आम्ही धरतो. ती कितीतरी वर गेलेली असते. मग तो कागद डॉक्टरांकडे जातो आणि पहिला हुकूम सुटतो, मिसळ बंद.

हा हुकूम पाळला जात नाही. लोणचं बंद, पापड बंद, साखर बंद, भात बंद, मिसळ बंद, अशी यादी घेऊन माणूस घरी येतो, महिनाभर तोंड पाडून भाकरी आणि दुधी भोपळा खातो आणि एक दिवस ऑफिसला जाताना गुपचूप तुमच्याकडे गाडी लावतो. त्या दिवशी मग एक प्लेट, वर दोनदा रस्सा, चार पाव आणि शेवटी जिलेबी. घरच्यांना पत्ता नाही, डॉक्टरांनाही नाही. तीन महिन्यांनी रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी होते तेव्हा सगळं उघडं पडतं, आणि बिचारा माणूस अपराध्यासारखा खाली मान घालून बसतो. असे चेहरे मी रोज पाहते. या माणसांनी काही गुन्हा केलेला नाही. त्यांना पूर्ण आणि शून्य यांच्या मधली वाट कुणी दिलेली नाही. ती तुम्ही देऊ शकता, म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आमच्या वयाला मिसळ म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी एकदा मांडू द्या. मुलं शिकून हिंजवडीला, बंगळुरूला गेलेली असतात. घरात दोघंच, किंवा दोघं आणि एक सासूबाई किंवा सासरे. रविवारी सकाळी कुणी गोल्फ क्लब मैदानावर चालतं, कुणी कृषीनगरच्या ट्रॅकवर, कुणी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वरून शहर बघून येतं. चालून झालं की पुढचा प्रश्न एकच असतो, आज कुठली? कॉलेजातले मित्र पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा एकमेकांना सापडतात ते तुमच्या टेबलाशी. कुणाचं बायपास झालंय, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं ठरलंय, हे सगळं रस्सा येईपर्यंत बोलून होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, समोर रश्श्याची वाफ आणि पाठीवर कोवळं ऊन. या वयात इतक्या थोड्या पैशांत मिळणारं इतकं पुरेपूर सुख दुसरं नाही. मला तरी माहीत नाही.

बायकांचं आणखी एक आहे. तीस-तीस वर्षं रोज सकाळी उठून पोहे, उपमा, पराठे, डबे करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक सकाळ अशी मिळते की ती बसलेली असते आणि दुसरं कुणीतरी तिच्यापुढे गरम ताट आणून ठेवतं. ‘मावशी, अजून रस्सा आणू का?’ असं तुमचा पोरगा विचारतो, त्या विचारण्यात सुद्धा सुख असतं. पाळी जायच्या त्या चार-पाच वर्षांत अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, आणि घरात ते कुणाला नीट सांगताही येत नाही. आमच्या ट्रॅकवरच्या मैत्रिणी या गोष्टी पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या त्या एका मिसळीच्या टेबलाशीच. ही जागा आम्हाला हवी आहे. ती सोडायची नाही म्हणूनच सगळा खटाटोप.

आता मिसळीकडे येऊ. लॅबमध्ये बसून आणि पुस्तकं चाळून जे मला कळलंय ते सांगते. तुमचा हात त्यातला आहे, तुम्हाला जास्त कळतं, पण माझी बाजूही ऐका.

मिसळीचा जीव मटकीत आहे. मोड आलेल्या मटकीत भरपूर प्रथिनं असतात, चोथा असतो, मोड आणल्यामुळे ती पचायला हलकी होते आणि तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मधुमेह असलेल्या माणसाने सकाळी वाटीभर उसळ खाल्ली तर कुठलाही डॉक्टर हरकत घेणार नाही. सोबतचं दही चांगलं, कांदा चांगला, लिंबू चांगलं. काळ्या मसाल्यातलं दगडफूल, धणे, तीळ, खोबरं, भाजलेला कांदा, यातही आमच्या जिवावर उठणारं काही नाही. म्हणजे ताटातला अर्ध्याहून जास्त ऐवज मुळात आमच्या बाजूचा आहे. तरीही कित्येक ठिकाणी वाटीच्या तळाशी मोजून घ्यावी इतकीच मटकी असते आणि वर शेव-फरसाणाचा डोंगर. मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात, फरसाण पिशवीतून ओतलं की झालं, हे मला समजतं. पण पन्नाशीच्या गिऱ्हाइकासाठी हे प्रमाण उलटं करा. मटकी दुप्पट, फरसाण चिमूटभर, वर कुरकुरीत लागण्यापुरतं. त्यासाठी दहा रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ.

मीठ ही खरी काळजी. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर पाहणी केली तेव्हा आपण सरासरी आठ ग्रॅम खातो असं निघालं. तुमच्या एका ताटात मीठ कुठून कुठून येतं ते बघा: रश्श्यात आहे, उसळीत आहे, शेवेत आहे, फरसाणात आहे, पावात आहे, आणि पापडात तर मिठासोबत पापडखारही आहे, त्यातलं सोडियम वेगळंच. एकेक जिन्नस चाखला तर कुठलाच खारट लागत नाही. सगळे एकत्र आले की रक्तदाबाची गोळी सकाळी घेऊन आलेल्या माणसाचं दिवसभराचं मीठ नऊ वाजायच्या आत संपतं. बरं, भाजलेला पापड मागतो म्हणजे आम्ही फार काही मिळवतो असंही नाही. मीठ तेवढंच राहतं, फक्त तळणीचं तेल वाचतं. म्हणून पापड न विचारता ताटात टाकू नका. नाशिकला मिसळीआधी पापडावर तर्री घालून खायची रीत आहे, ती मलाही फार आवडते, पण दोघांत एक पापड पुरतो.

खरं तर मीठ कमी करण्याचं काम तुमच्या हातात सगळ्यात सोपं आहे. शेवेत मीठ आहेच, हे धरून रश्श्यात हात थोडा आखडता घ्या आणि टेबलावर लिंबाच्या फोडी जास्त ठेवा. आंबटपणा वाढला की जिभेला मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही. घरी मी हे करते आणि घरच्यांनी अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तर्रीचं म्हणाल तर तिच्याशिवाय मिसळ नाही, हे मान्य. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात उतरत नाहीत, म्हणून तो लाल थर लागतोच. पण तो माझ्या वाटीत किती असावा हे मला ठरवू द्या. रस्सा वरून पळी न फिरवता खालून काढून द्या आणि तर्री छोट्या वाटीत बाजूला ठेवा. ज्याला हवी तो सगळी ओतेल. मला दोन चमचे पुरतील. शेजारी बसलेला माझा पंचविशीतला भाचा त्याची आणि माझी दोन्ही संपवेल, त्याला त्या वयात ती पचते.

अर्ध्या प्लेटबद्दल मात्र जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळं तिथेच अडतं.

बऱ्याच ठिकाणी भिंतीवर पाटी असते, एका मिसळीत दोघांना बसता येणार नाही, किंवा शेअर केल्यास जादा आकार पडेल. पाटीमागचं कारण मी समजू शकते. रविवारी नऊ ते अकरा तुमच्याकडे उभं राहायला जागा नसते, बाहेर लोक नंबर लावून थांबलेले असतात, आणि एका ताटावर चौघं तासभर बसले तर धंदा कसा व्हायचा? शिवाय रस्सा हवा तेवढा द्यायचा असल्यामुळे एका ताटाच्या पैशांत दोघं जेवून जातील ही भीतीही खरी आहे. पण या पाटीचा परिणाम काय होतो ते बघा. माझ्यासारखी बाई, जिला अर्ध्यातच पुरतं, ती पूर्ण ताट घेते. टाकून द्यायचं आपल्याकडे कुणाच्या जिवावर येत नाही? लहानपणापासून ताटात टाकू नये असं शिकलो आहोत. मग पोट भरल्यावरही आम्ही ते संपवतो. पैसे दिलेत, रस्सा फुकट आहे, पाव उरलाय, म्हणून अजून एक वाटी. साखरेच्या त्या रिपोर्टमधला मोठा वाटा मिसळीचा नसतो, भूक संपल्यानंतर खाल्लेल्या त्या दुसऱ्या अर्ध्याचा असतो, त्यातही मैद्याच्या पावाचा.

म्हणून अर्धी प्लेट ही वेगळी वस्तू म्हणून विका. पाटीवर तिची वेगळी ओळ, वेगळा दर. पूर्ण प्लेटच्या निम्मा दर लावा असं मी म्हणत नाही. जागा, गॅस, पोऱ्याचा पगार सगळं तेवढंच लागतं, तेव्हा साठ-पासष्ट टक्के घ्या. एक पाव, वाटीभर मटकी, बेताचा रस्सा, दही, आणि रस्सा पुन्हा हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. रविवारच्या गर्दीत नको वाटत असेल तर सोमवार ते शनिवार सुरू करा. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून सुटलेली माणसं, बँकेतले, शाळेतले, आम्ही लॅबवाले, हे गिऱ्हाईक आठवड्याच्या मधल्या दिवसांत येतं, आणि त्या दिवशी तुमची टेबलं रिकामी असतात. ज्याने डॉक्टरांच्या धाकाने यायचं सोडलं आहे तो अर्ध्या प्लेटसाठी परत येईल. एकटा नाही, बायकोला घेऊन येईल, कारण आता लपवायचं काही राहणार नाही.

रात्रपाळीवाल्यांचं निघालंच आहे तर एक सांगते. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी तिखट मिसळ खायची आणि घरी जाऊन लगेच आडवं व्हायचं, हे चाळिशीनंतर अन्ननलिकेला सोसत नाही. पोटातलं आम्ल वर येतं, घशाशी जळजळ होते, खोकला लागतो, आणि माणूस वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खात राहतो. खाणं आणि झोप यात दोन-तीन तास जायला हवेत. तुम्ही त्यांना रोज ओळखता, नावाने हाक मारता. ‘भाऊ, आज बेताची घे, लगेच झोपणार ना?’ एवढं तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील. आमचं ऐकत नाहीत.

तेलाबद्दल थोडक्यात. तळून काढलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात काही घटक साठत जातात, ज्यांना ध्रुवीय संयुगं म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून देशभर लागू आहे. तेल काळं पडलं, घट्ट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धुरावलं, की त्याची वेळ संपली, हे तुम्हाला डोळ्यांनीच कळतं. ते नाल्यात ओतू नका आणि रस्त्यावरच्या गाडीवाल्याला स्वस्तात विकूही नका. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करणारे परवानाधारक लोक आहेत, ते पैसे देऊन नेतात. शेव आणि फरसाण तुम्ही बाहेरून आणत असाल तर ज्याच्याकडून आणता त्याला त्याच्या कढईबद्दल विचारा, कारण आमच्या ताटात येतं ते त्याच्याच कढईतलं. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या मोठ्या हॉटेलांना मेन्यूत कॅलरी लिहाव्या लागतात. तुमच्याकडून आम्हाला कॅलरी नकोत. तेल कुठलं, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं की पाम, एवढी एक ओळ पाटीवर आली तरी पुष्कळ.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका ठिकाणी आम्ही मैत्रिणी बसलो होतो. ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, पंचावन्नच्या आसपासचं. गृहस्थांनी अर्धी मिसळ खाल्ली आणि मफलर सोडला. थंडी अशी की आम्ही शाली गुंडाळून बसलेलो, आणि त्यांच्या कपाळावर, वरच्या ओठावर घाम. छातीच्या मधोमध तळहात चोळत ते म्हणाले, ‘पित्त झालंय, तिखट जास्त होतं.’ बायकोने पर्समधून गोळी शोधली. तुमच्यातलाच एक कळवळून वागणारा मालक लगेच लिंबूसोडा घेऊन आला. कुणी म्हणालं, जरा फेऱ्या मारा, गॅस सुटेल. आणि ते खरंच उठून चालायला लागले. आमच्यातली एक नर्स आहे. तिने त्यांना धरून बसवलं, चालू दिलं नाही, आणि १०८ लावायला सांगितलं. फोन लागला. पलीकडून पत्ता विचारला तेव्हा तिथे काम करणाऱ्या कुणालाच तो नीट सांगता येईना. अमक्या मळ्याच्या पुढे, डाव्या हाताला, पाटी दिसेल. शेवटी गाडीने न्यायचं ठरलं, तर त्यांच्या गाडीमागे आणखी तीन गाड्या लागलेल्या. त्या तीन गाड्यांचे मालक शोधण्यात गेलेली मिनिटं मी विसरू शकत नाही.

ते वाचले. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. पुढे त्यांच्या मिसेस ट्रॅकवर भेटल्या तेव्हा आमच्या नर्स मैत्रिणीचे दोन्ही हात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

मिसळीने त्यांना झटका आला नाही, ती वाहिनी वर्षानुवर्षं आतून बुजत आली होती. पण मिसळीच्या टेबलावर हृदयविकाराचा झटका पित्तासारखा दिसतो, आणि म्हणूनच तिथे तो ओळखायला उशीर होतो. जळजळ, मळमळ, ढेकर, सगळं सारखंच. बायकांना तर पुष्कळदा छातीत दुखतही नाही. जबडा, पाठ, खांदा भरून येतो, दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. जुना मधुमेह असेल तर कधी कधी दुखणं जवळपास जाणवतच नाही. तेव्हा चाळिशीपुढच्या कुणालाही खाता खाता थंड घाम फुटला, छातीवर दाब आला, दम लागला, तर सोडा देऊ नका, चालायला लावू नका. टेकून बसवा आणि १०८ लावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून फुकट येते. गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरात १०८ लिहा, आणि खाली तुमचा पत्ता असा लिहा की कालच कामाला लागलेला पोरगाही तो फोनवर वाचून दाखवेल: रस्ता, गाव, जवळची ठळक खूण. आणि पार्किंगमध्ये एक गाडी बाहेर पडेल एवढी वाट कायम मोकळी ठेवा, रविवारी सुद्धा.

माणूस कोसळला, हाक मारूनही उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर १०८ येईपर्यंत छाती दाबायची असते. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात, कोपरं ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, न थांबता. हे वाचून येत नाही, करून येतं. एका दुपारी येतं. आमच्या नर्स मैत्रिणीने तयारी दाखवली आहे, तुम्ही पाच-सहा दुकानदारांनी मिळून आपली पोरं एका ठिकाणी जमवली तर ती येऊन शिकवेल, पैसे घेणार नाही.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण आमच्या वयाला मोठ्या वाटतात. मळ्यातल्या बाजा आणि बुटक्या चौरंगाची बैठक फोटोत फार छान दिसते. गुडघे झिजलेल्या माणसाला तिथून उठताना दोघांचा हात लागतो. दोन-चार टेबलं पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांची ठेवा. एक तरी कमोड असू द्या, आणि तिथे पाणी असू द्या. पन्नाशीच्या बाईला आणि साठीच्या पुरुषाला लघवी धरवत नाही, आणि जिथे सोय नाही तिथे आम्ही पाणी न पिता बसतो. पाटीवरची अक्षरं जाड करा, चाळिशी घरी विसरलेली असते. आणि सकाळी आठ वाजता मोठ्या आवाजात गाणी कशाला? आम्ही एकमेकांशी बोलायला आलेलो असतो.

२०२७ च्या सिंहस्थात देशभरातून माणसं गोदाकाठी येतील. त्यात आमच्या वयाची आणि आमच्याहून मोठी खूप असतील, गोळ्यांची डबी पिशवीत घेऊन चालणारी. रामकुंडावर स्नान करून, भुकेली, थकलेली ती तुमच्याकडे येतील आणि नाशिकची मिसळ म्हणजे काय ते तुमच्या हातून चाखतील. तोवर अर्ध्या प्लेटची पाटी शहरभर लागलेली असावी असं मला मनापासून वाटतं. हे काम कुठल्या सरकारी आदेशाने होणार नाही. एका दुकानाने सुरू केलं आणि तिथे गर्दी झाली की शेजारचा आपोआप करेल, धंद्यात असंच होतं.

येत्या रविवारी चालून झालं की आमचा सगळा घोळका नेहमीच्या ठिकाणी येणार आहे. आम्ही अर्धी प्लेट मागणार आहोत, मटकी जास्त, तर्री बाजूला. मिळाली नाही तर रागावणार नाही, पण त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा मागू. गल्ल्यावर बसणाऱ्यांनी आपल्या पोरांना एवढं आधीच सांगून ठेवावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

तुमची नेहमीची गिऱ्हाईक,
इंदिरानगर, नाशिक